विनेटका : नापास न करणाऱ्या शाळांची गोष्ट

- खास प्रतिनिधी

शाळेच्या दारावर रंगवलेले ध्येयवाक्य आणि आत भिंतीवर टांगलेले वेळापत्रक यांची गाठ सहसा पडत नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेटका या लहानशा गावाने १९१९ ते १९४३ या चोवीस वर्षांत ती घालून दाखवली. प्रत्येक मूल निराळे असते, हे वाक्य सर्वच शाळा उच्चारतात. विनेटकातील सरकारी शाळांनी ते खरे मानले आणि त्यानुसार वेळापत्रक, पुस्तके, परीक्षा, प्रगतिपुस्तक आणि अखेरीस शाळेची इमारतही बदलली. त्या प्रयोगाचा आणि त्याच्या मर्यादांचाही हा परिचय.

वर्गात चाळीस मुले असतात आणि सोमवारी सकाळी फळ्यावर भागाकार सुरू होतो. त्यातील आठ-दहा मुलांना तो आधीच येत असतो, पंधरा-वीस जणांना शिक्षकांबरोबर हळूहळू उमगतो आणि उरलेल्यांना अजून हातच्याची वजाबाकीच पुरती कळलेली नसते. ठरल्या दिवशी भागाकार संपतो; सर्वांचा एकदमच. पुढील सोमवारी अपूर्णांक. ज्यांचे राहिले त्यांचे राहिले. वर्षअखेरीस या राहिलेल्याची बेरीज होते आणि प्रगतिपुस्तकावर लाल शाईने एक शब्द उमटतो. मग ते मूल पुन्हा त्याच वर्गात बसते आणि जे त्याला येत होते तेही पहिल्यापासून शिकते.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील शाळांची स्थिती याहून निराळी नव्हती. सॅन फ्रान्सिस्को येथील अध्यापक महाविद्यालयाचे प्रमुख फ्रेडरिक बर्क यांनी या पद्धतीला ‘लॉकस्टेप’ असे नाव वापरले. तुरुंगातील कैद्यांना एकामागे एक, पावलाला पाऊल लावून चालवीत, तो हा शब्द. १९१५ मध्ये बर्क यांनी या विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि तिला कोर्टातील दाव्यासारखे शीर्षक दिले : वादी एक अज्ञान बालक, प्रतिवादी ही पावलाला पाऊल लावणारी शाळा. आपल्या महाविद्यालयाला जोडलेल्या शाळेत त्यांनी मुलांना आपापल्या गतीने पुढे जाता यावे यासाठी छोट्या पुस्तिका छापल्या. मात्र कॅलिफोर्नियात शालेय पाठ्यपुस्तके छापण्याचा अधिकार फक्त राज्याच्या मंडळाला होता. बर्क यांच्या पुस्तिका या नियमात सापडल्या आणि त्यांची छपाई थांबली.

त्यांच्या हाताखाली काम करणारा एक तरुण मात्र ही कल्पना घेऊन शिकागोकडे निघाला. कार्लटन वॉशबर्न हे त्याचे नाव. जन्म १८८९ चा, शिकागोचाच. वडील डॉक्टर; आई मेरियन फॉस्टर वॉशबर्न शिक्षणावर लिहिणारी-बोलणारी, जॉन ड्युई आणि फ्रान्सिस पार्कर या त्या काळच्या शिक्षणसुधारकांच्या वर्तुळात वावरणारी. मुलगाही काही काळ पार्कर यांच्याच शाळेत शिकला. पुढे स्टॅनफर्डची पदवी, कॅलिफोर्नियातील खेड्यात शिक्षकी, मग बर्क यांचे सहायकपद. १९१९ मध्ये विनेटकाच्या शाळा मंडळाने त्यांना शाळा अधीक्षक नेमले, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडलेली नव्हती.

शाळांचा ‘जिल्हा’ म्हणजे काय?

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात तो आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नसतो. ती शाळा चालवण्यापुरतीच निर्माण केलेली स्थानिक स्वराज्य संस्था असते. तिची हद्द कधी एका मोठ्या शहराएवढी असते, कधी चार-पाच शाळांच्या गावाएवढी. तिचे मंडळ मतदार निवडून देतात, मंडळ अधीक्षक नेमते आणि खर्चाचा मोठा भाग त्याच हद्दीतील घर-जमिनींवरच्या करातून येतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींचा पगार, पुस्तक आणि अभ्यासक्रम राज्याकडून ठरतो. तेथे यातील बराच निर्णय गावातच होत असे. त्यामुळे एखाद्या गावाने मनावर घेतले तर इतर कोणाची वाट न पाहता शाळा बदलता येत. गाव गरीब असेल तर शाळाही गरीब राहणार, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. ती पुढे येईलच.

विनेटका हे मिशिगन सरोवराच्या काठी, शिकागोच्या मध्यवस्तीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर उत्तरेला वसलेले गाव. शिकागोत कचेरी आणि विनेटकात बंगला, अशा वकील-व्यापाऱ्यांची ही वस्ती. होरेस मान, ग्रीली आणि हबर्ड वुड्स अशा तीन प्राथमिक शाळा. १९२२ मध्ये त्यात स्कोकी ही वरच्या वर्गांची शाळा आली. आठवीनंतर मुले न्यू ट्रिअर या हायस्कुलात जात. ते निराळ्या मंडळाच्या ताब्यात होते आणि तेथील शिक्षणपद्धती नेहमीचीच होती. वॉशबर्न यांच्या मुलांची खरी कसोटी तेथेच लागणार होती.

आधी वर्तमानपत्रे मोजली

प्रत्येक मुलाला आपल्या गतीने जाऊ द्यायचे तर आधी कोठे जायचे ते ठरले पाहिजे. वॉशबर्न यांनी येथूनच सुरुवात केली. सर्वांना आलेच पाहिजे असे नेमके काय? हा प्रश्न त्यांनी तज्ज्ञांच्या समितीपुढे न ठेवता चक्क मोजदादीवर सोपवला. इतिहास-भूगोलातील कोणत्या व्यक्ती, स्थळे आणि घटना मुलांना ठाऊक असाव्यात हे ठरवण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्तमानपत्रे आणि नियतकालिके घेऊन त्यांत कशाचा उल्लेख किती वेळा येतो याची नोंद केली. जाणत्या नागरिकाला रोजचा पेपर समजण्यासाठी जे लागते ते आवश्यक. बाकीचे आवडीवर सोडावे. शुद्धलेखनासाठीही हाच न्याय : लिहिताना वारंवार लागणारे शब्द आधी.

वृत्तपत्रात काम करणाऱ्याला हा निकष सुखावणारा आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी तो पुरेसा नाही हेही उघड आहे. पेपरात जे छापून येते तेच जाणण्याजोगे, असे मानले तर पेपरांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली ते शाळेतूनही बाद होणार. पण या खटाटोपाचा एक फायदा झाला. अभ्यासक्रमातील प्रत्येक घटकाला ‘तू येथे का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय शिक्षकांना लागली. परंपरेने चालत आलेली कितीतरी ओझी या प्रश्नापुढे टिकली नाहीत.

पुस्तकांच्या बाबतीतही असेच झाले. मुलांना काय वाचायला आवडते हे मोठ्यांनी ठरवण्याऐवजी वॉशबर्न आणि त्यांच्या सहकारी मेबल व्होगेल यांनी अनेक शहरांतील हजारो मुलांकडून वाचलेल्या पुस्तकांविषयी चिठ्ठ्या भरून घेतल्या आणि १९२६ मध्ये सातशे पुस्तकांची वर्गवार यादी प्रसिद्ध केली. कोणते पुस्तक कोणत्या वाचनक्षमतेच्या मुलाला झेपते हे त्यात मुलांच्याच उत्तरांवरून ठरले होते. या यादीतून पुढे १९२८ मध्ये एखादा मजकूर किती सोपा वा अवघड आहे हे मोजण्याचे व्होगेल-वॉशबर्न सूत्र निघाले. मजकुराची काठिण्यपातळी गणिताने काढण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

वेळ बदलता, ज्ञान ठरलेले

विनेटका पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येते. नेहमीच्या शाळेत वेळ ठरलेला असतो आणि त्या वेळात कोण किती शिकला हे कमीजास्त होते. विनेटकात काय शिकायचे ते ठरलेले होते आणि त्याला लागणारा वेळ कमीजास्त होत होता. वाचन, लेखन, शुद्धलेखन आणि अंकगणित ही ‘साधने’ मानली गेली. या साधनांच्या बाबतीत अर्धेकच्चे चालणार नाही, प्रत्येकाला ती पूर्ण आली पाहिजेत. मग कोणाला दोन आठवडे लागोत, कोणाला सहा.

हे प्रत्यक्षात कसे चालत असे? अंकगणित लहान लहान घटकांत तोडलेले असे. प्रत्येक मुलाकडे त्याची स्वतःची उद्दिष्टपत्रिका. तिच्यावर घटकांची नावे क्रमाने छापलेली आणि समोर तारखेसाठी रिकामी जागा. मूल आपल्या घटकाची स्वाध्यायपुस्तिका घेई. मजकूर असा लिहिलेला, की शिक्षकांनी समजावून सांगण्याची वाट न पाहता मुलाला स्वतःच वाचून पुढे सरकता यावे. उदाहरणे सोडवून झाली की उत्तरेही मूल स्वतःच तपासत असे, कारण उत्तरे त्याच्याच हाती दिलेली असत.

मग मुले उत्तरे पाहून लिहीत नसतील का? ही शंका तेव्हाही घेतली गेली. यावरचा उपाय पद्धतीतच होता. पुस्तिका पुरी झाल्यावर मूल सराव-चाचणी देई. ती जमली की शिक्षकांकडून खरी चाचणी मागून घेई. चाचणीत चूक निघाली तर नेमक्या त्याच प्रकारची उदाहरणे पुन्हा, मग दुसरी चाचणी. सर्व बरोबर आले की तारीख पडे आणि पुढचा घटक उघडे. उत्तरे पाहून लिहिणाऱ्याचा यात काहीच लाभ नव्हता. ना गुण मिळत, ना क्रमांक. फक्त चाचणीच्या टेबलापाशी फेऱ्या वाढत. नक्कल करण्याचे कारणच काढून घेतले, की नक्कल करणारे आपोआप कमी होतात, हे शिक्षणखात्यांना आजही अवघड वाटणारे गणित वॉशबर्न यांनी असे सोडवले.

यामुळे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट शक्य झाली. मूल वयाप्रमाणे चौथीत, आपल्या सोबत्यांबरोबरच बसे. पण त्याचे वाचन सहावीचे आणि अंकगणित तिसरीचे असू शके, आणि त्यात कोणालाच काही वावगे दिसत नसे. कोणाला वर्ग पुन्हा करावा लागत नसे, कोणाला एक वर्ग गाळून पुढेही ढकलत नसत. जून महिन्यात ज्या उदाहरणावर हात थांबला, सुटीनंतर त्याच उदाहरणापासून सुरुवात. ‘नापास’ या शब्दाला बसायलाच जागा उरली नाही.

शिक्षकांचे काय? फळ्यापुढे उभे राहून सर्वांना एकदम शिकवण्याचे काम संपले, पण काम हलके झाले असे मुळीच नाही. शिक्षक बाकांमधून फिरत, अडलेल्यापाशी बसत, चाचण्या तपासत, नोंदी ठेवत. शिवाय या पुस्तिका बाजारात मिळत नव्हत्या. त्या शिक्षकांनीच लिहायच्या, वर्गात वापरून पाहायच्या, मुले कोठे अडखळतात ते टिपायचे आणि पुन्हा लिहायच्या. शिक्षकांच्या बैठकांतून हे काम वर्षानुवर्षे चालले. असे शिक्षक तयार मिळेनात, तेव्हा १९३२ मध्ये विनेटकात शिक्षक घडवणारे पदव्युत्तर महाविद्यालयच निघाले.

उरलेला अर्धा दिवस

विनेटका म्हणजे एकेकट्याने पुस्तिका सोडवत बसलेली मुले, असे चित्र त्या काळीही पसरले होते. ते अर्धेच खरे आहे. सकाळचा अर्धा आणि दुपारचा अर्धा वेळ या वैयक्तिक कामाला. उरलेला वेळ सामूहिक आणि सर्जनशील उपक्रमांना राखून ठेवलेला असे. नाटके बसवणे, चित्रे, संगीत, सुतारकाम, छपाई, मुलांच्या सभा आणि शाळेचे स्वशासन, हे सर्व त्यात येई. स्कोकी शाळेत मुले स्वतःच्या छोट्या सहकारी मंडळ्या चालवीत, त्यांचा हिशेब ठेवीत. तेथेच रोझ अल्शुलर यांच्या देखरेखीखाली बालवाडी सुरू झाली आणि मोठी मुले-मुली लहानग्यांना सांभाळता सांभाळता बालसंगोपन शिकू लागली. मुलांच्या मनःस्वास्थ्याकडे पाहण्यासाठी शाळांनी मानसशास्त्राचे जाणकारही नेमले. सरकारी शाळांत तेव्हा ही गोष्ट दुर्मीळ होती.

या अर्ध्या दिवसात चाचणी नव्हती, उद्दिष्टपत्रिका नव्हती. नाटकात कोणी किती चांगले काम केले याची नोंद कोठेही होत नसे. यामागील विचार स्पष्ट होता. साधने सर्वांना सारखी लागतात, म्हणून ती मोजावीत. पण मूल काय निर्माण करते आणि चारचौघांत कसे वागते, त्यात प्रत्येकाने निराळेच असावे, म्हणून तेथे माप नको. मूल्यशिक्षणाच्या तासिकेलाही गुण देण्याचा मोह आवरत नाही अशा व्यवस्थांनी हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

टीकाकार आणि मतदार

सर्वांत धारदार टीका प्रतिगाम्यांकडून आली नाही, ती सुधारकांकडूनच आली. १९२५ मध्ये अमेरिकेतील शिक्षण-अभ्यासकांच्या राष्ट्रीय संस्थेने व्यक्तिभेदांनुसार शाळा कशा बदलाव्यात यावर आपले वार्षिक प्रकाशन काढले. वॉशबर्न त्या समितीचे प्रमुख होते. त्याच ग्रंथात ड्युईंचे शिष्य आणि प्रकल्पपद्धतीचे प्रवर्तक विल्यम किलपॅट्रिक यांनी या योजनेचा परामर्श घेतला. शिकण्याचे असे दोन तुकडे करता येत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. अंकगणित सकाळी पुस्तिकेत आणि जगणे दुपारी सुतारकामात, अशी विभागणी केली की अंकगणित यांत्रिक होते. मुलाला गरज भासेल तेव्हाच ते खऱ्या अर्थाने शिकले जाते. हा आक्षेप वॉशबर्न यांना पूर्णपणे परतवता आला, असे म्हणवत नाही. मात्र केवळ प्रकल्पांतून शिकणाऱ्या मुलाच्या भागाकाराची हमी कोण घेणार, हा त्यांचा प्रतिप्रश्नही अनुत्तरितच राहिला.

प्रयोगाचे मोजमापही झाले. शिकागो विद्यापीठातील वाचनतज्ज्ञ विल्यम ग्रे यांच्यासह केलेली पाहणी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. विनेटकाची मुले मूलभूत विषयांत इतर चांगल्या शाळांच्या मुलांहून मागे नाहीत आणि हायस्कुलातही निभावून नेतात, असा तिचा साधारण निष्कर्ष होता. अर्थात पाहणी करणाऱ्यांत स्वतः वॉशबर्न आणि व्होगेलही होते, आणि ही मुले सुशिक्षित, सुस्थित घरांतील होती, हे वाचकांनी विसरू नये.

एका बाबतीत मात्र वॉशबर्न यांच्या मोजमापाच्या हौसेने त्यांना आडवाटेला नेले. कोणत्या ‘मानसिक वयात’ गणिताचा कोणता घटक मुलाला झेपतो, याचा शोध एका सात सदस्यांच्या समितीमार्फत घेतला गेला. लांब भागाकारासारखे घटक तेव्हा शिकवत त्याहून बरेच उशिरा घ्यावेत, असा तिचा निष्कर्ष. अनेक शाळांनी त्यानुसार अंकगणित पुढे ढकलले. १९३८ मध्ये गणित-शिक्षणाचे अभ्यासक विल्यम ब्राउनेल यांनी या संशोधनाची चिरफाड केली. मुलांना घटक झेपला नाही तो वयामुळे की शिकवण्याच्या पद्धतीमुळे, हे समितीने तपासलेच नव्हते. अर्थ न सांगता घोटून घेतलेला भागाकार अकराव्या वर्षी आला नाही, यावरून अकरा हे वय लहान ठरत नाही.

मंदीच्या काळात टीका सभागृहातून गल्लीत उतरली. लोकांची मिळकत आटली होती आणि शाळांचा कर तसाच होता. चित्रकला, नाटके, मानसशास्त्रज्ञ ही सारी चैन आहे, अशी ओरड सुरू झाली. त्यातच वॉशबर्न हे डाव्या विचारांचे आहेत, मुलांना धर्म आणि देश यांपासून दूर नेतात, असेही आरोप झाले. १९३३ ची शाळा मंडळाची निवडणूक त्यामुळे अटीतटीची झाली. ज्या गावात राहणाऱ्यांचा धंदाच शेअर आणि कर्जरोखे यांचा, तेथे हे प्रकरण अधीक्षकांवर शेकणार असे वाटत होते. मतदारांनी वॉशबर्न यांच्या बाजूच्या उमेदवारांना निवडून दिले. याचे श्रेय केवळ विचारांना देता येणार नाही. चौदा वर्षांत शेकडो आई-बापांनी आपले मूल सकाळी कुरकुर न करता शाळेत जाताना पाहिले होते. पालकांच्या सभा, घरोघरी पाठवलेली पत्रके, शाळेत येऊन वर्ग पाहण्याचे खुले आमंत्रण, हे वॉशबर्न यांनी पहिल्यापासून जपले होते. लोकांना आधी विश्वासात घेतले नाही तर शाळेतील कोणतीही सुधारणा पहिल्याच निवडणुकीत वाहून जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कावळ्यांच्या बेटावरची शाळा

विनेटकाचे विचार आज कोणाला डोळ्यांनी पाहायचे असतील तर क्रो आयलंड ही शाळा पाहावी. दलदलीतील ज्या उंचवट्यावर कावळे जमत, त्यावरून हे नाव पडले. नवी शाळा बांधायचे ठरले तेव्हा पर्किन्स, व्हीलर आणि विल ही तरुण वास्तुविशारदांची नवखी संस्था पुढे आली. एवढे मोठे काम नवख्यांच्या हाती कसे द्यायचे, म्हणून त्यांनी फिनलंडहून अमेरिकेत आलेले ख्यातनाम वास्तुविशारद एलिएल सारिनेन आणि त्यांचे पुत्र एरो यांना सोबत घेतले.

त्यानंतर जे झाले ते सरकारी बांधकामांच्या इतिहासात विरळाच. आराखडा काढण्याआधी लॉरेन्स पर्किन्स कित्येक दिवस वर्गांत बसून मुले काय करतात, कशी बसतात, कोठे गर्दी करतात हे पाहत राहिले. शिक्षकांना विचारले गेले, तसेच झाडलोट करणाऱ्यांनाही. सामूहिक उपक्रमांच्या प्रमुख फ्रान्सिस प्रेसलर यांनी वास्तुविशारदांना एक पत्र लिहून शाळेची वास्तू मुलाला कशी वाटली पाहिजे ते सांगितले. तिने मुलांवर दडपण आणू नये, ती त्यांची असावी, तिने वापर आणि धसमुसळेपणा सोसावा, हा त्याचा आशय.

१९४० मध्ये शाळा उघडली. त्या काळी शाळा म्हणजे खांबांचा दर्शनी भाग, उंच पायऱ्या, दोन मजले आणि बारा फुटी छत. क्रो आयलंड बैठी, विटांची, पसरट. छत नऊ फुटांवर आणलेले, कारण ज्यांच्यासाठी ते बांधायचे त्यांची उंची चार फूट. प्रत्येक वर्ग इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा; मोठ्या भागात बसायचे, काटकोनातील लहान भागात पाण्याची सोय आणि ओट्यासह हातकामाची जागा, तेथेच वर्गाचे स्वतःचे स्वच्छतागृह, आणि दाराबाहेर त्या वर्गापुरते छोटे अंगण. दोन बाजूंनी खिडक्या. दाराच्या मुठी आणि दिव्यांची बटणे मुलांच्या हाताला येतील अशी. सभागृहात पुढच्या रांगांतील आसने अगदी लहान आणि मागे जावे तसतशी मोठी; लहान मुलाचे पाय लोंबकळत राहू नयेत म्हणून. भिंतींत लिलियन सारिनेन यांनी घडवलेली प्राण्यांची मातीची शिल्पे.

यातील प्रत्येक गोष्टीमागे वर्गातील एक सवय आहे. मूल स्वतःच उठून पुस्तिका घेते, स्वतःच दिवा लावते, न विचारता स्वच्छतागृहात जाते, कारण शिस्तीचा अर्थ परवानगी मागणे असा तेथे नव्हता. एल आकार हवा, कारण एकाच वेळी काही मुले गणित सोडवत असतील आणि काही करवत चालवत असतील. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ज्या हजारो बैठ्या शाळा उभ्या राहिल्या त्यांच्यावर या इमारतीची छाप आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या वास्तुविशारद संस्थेने काळावर टिकलेल्या इमारतींसाठीचा सन्मान तिला दिला आणि १९९० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून तिची नोंद झाली. गंमत अशी, की नकला करणाऱ्यांनी सपाट छत आणि लांब खिडक्या तेवढ्या उचलल्या. आत बाके मात्र पुन्हा रांगेतच लागली.

वेशीच्या आत, वेशीच्या बाहेर

या सर्व कौतुकाला एक काळी किनार आहे आणि ती झाकून चालणार नाही. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करणारे हे गाव आपल्या वेशीच्या आत कोणाला घर घेऊ द्यायचे याबाबत अत्यंत कडक होते. शिकागोच्या उत्तरेकडील या किनारी गावांत कृष्णवर्णीयांना घरे विकली जात नसत आणि ज्यूंनाही वर्षानुवर्षे दारे बंदच होती. शाळेचा पैसा घरांच्या करातून येत असल्यामुळे चांगली शाळा ही प्रत्यक्षात बंगल्याबरोबर विकत मिळणारी वस्तू झाली. २५ जुलै १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग विनेटकाच्या हिरवळीवर हजारोंच्या सभेपुढे बोलले, ते घरविक्रीतील याच भेदभावाविरुद्ध. ‘प्रत्येक मूल’ या शब्दांतील ‘प्रत्येक’ म्हणजे कोण, हा प्रश्न शाळेच्या आराखड्यात सुटण्याजोगा नव्हता. वॉशबर्न स्वतः जागतिक बंधुत्वाचे कैवारी होते, जगभरच्या शिक्षणविचारांचा शोध घेत १९३०-३१ मध्ये त्यांनी केलेल्या प्रवासात भारतही होता; पण आपल्या शाळांची हद्द त्यांना ओलांडता आली नाही.

१९४३ मध्ये वॉशबर्न युद्धकाळातील लष्करी प्रशासनातून इटलीला गेले. मुसोलिनीच्या राजवटीने पोसलेली पाठ्यपुस्तके काढून टाकून शाळा पुन्हा उघडणे हे तेथील काम. इटलीच्या प्राथमिक शाळांसाठी १९४५ मध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रमावर त्यांचा ठसा आहे. ते विनेटकाला परतले नाहीत. पुढे ब्रुकलिन कॉलेज आणि मिशिगन राज्य विद्यापीठात शिकवून १९६८ मध्ये ते वारले. विनेटकात सिडनी मार्लंड यांच्या काळात या पद्धतीचे टोकदार भाग घासले गेले, तरी तिची चौकट बराच काळ टिकली. पुढे अमेरिकेचे शिक्षण आयुक्त झालेल्या मार्लंड यांच्यासमवेतच वॉशबर्न यांनी १९६३ मध्ये या प्रयोगाचा इतिहास लिहिला.

वॉशबर्न यांच्या मृत्यूच्याच वर्षी शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी ‘प्रभुत्वासाठी अध्ययन’ हा सिद्धान्त मांडला : पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर बहुतेक सर्व मुले बहुतेक सर्व शिकू शकतात. त्याचे मूळ अभ्यासक विनेटकातच शोधतात. संगणकावर एकेक घटक पुरा करत पुढे जायला लावणारी खान अकॅडमी सुरू करणाऱ्या सलमान खान यांनीही आपल्या २०१२ च्या पुस्तकात विनेटकाची आठवण काढली आहे. सायक्लोस्टाईल केलेल्या पुस्तिकेची जागा पडद्याने घेतली, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला नापास करण्यास मनाई केली, २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. या साऱ्या काळात वाद रंगला तो पुढे ढकलावे की मागे ठेवावे, याच दोन टोकांवर. ज्याला वजाबाकी आली नाही त्याला वजाबाकी कधी आणि कोणी शिकवायची, हा विनेटकाचा प्रश्न त्यात बाजूलाच पडला. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेऐवजी त्यांना काय येते त्यानुसार गट करून शिकवण्याची जी पद्धत रुजवली, ती या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. तीही बहुतेक ठिकाणी दिवसाचे एक-दोन तास, मुख्य वेळापत्रकाला हात न लावता.

विनेटकाचा शाळा-जिल्हा आजही आहे, क्रमांक ३६. वरच्या वर्गांच्या एका शाळेला वॉशबर्न यांचे नाव आहे. क्रो आयलंडमध्ये वर्ग भरतात. तळघरात मुलांसाठी उभारलेली जुन्या वसाहतकारांची लाकडी खोली जपून ठेवलेली आहे. सभागृहातील पुढच्या रांगेत आजही मोठ्या माणसाला बसता येत नाही.